वाढीव गुणांचा न्याय

परीक्षेतील गुण ही वस्तू कोणत्या जातीची आहे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. निकालाच्या दिवशी घरात पेढे येतात किंवा येत नाहीत. शेजारीपाजारी चौकशीस येतात किंवा मुद्दाम यावयाचे टाळतात. आणि या साऱ्या घडामोडींच्या मुळाशी असलेला तो आकडा मात्र सराफाने तोलून दिलेल्या सोन्याच्या वजनासारखा निर्विवाद मानला जातो. परंतु सोन्याचे वजन आज जे भरले तेच उद्या भरते. या पेढीवर जे भरले तेच त्या पेढीवर भरते. आणि गावात त्या दिवशी इतरांनी किती सोने तोलून घेतले, याच्याशी त्याचा काही एक संबंध नसतो. बारावीच्या भौतिकशास्त्रातील बासष्ट गुण हे या अर्थाने वजन आहे काय? की काही माणसांनी एका मुलाविषयी दिलेले ते मत आहे, आणि मतास चिकटणारे सारे दोष त्यासही चिकटलेले आहेत? प्रश्न दिसतो तितका पंडिती नाही. ज्या वर्षी शास्त्रविषयाची प्रश्नपत्रिका अवघड निघते, मुले रडवेली होऊन बाहेर पडतात, पालक वृत्तपत्रांकडे धाव घेतात आणि योग्य तो विचार होईल असे आश्वासन परीक्षा मंडळाकडून मिळते, त्या वर्षी हाच प्रश्न हजारो घरांच्या दाराशी येऊन उभा राहतो.

प्रथम साध्या तपासणीचा विचार करू. भौतिकशास्त्राचा लेखी भाग ७० गुणांचा आणि प्रात्यक्षिकाचा ३० गुणांचा, अशी वाटणी महाराष्ट्राच्या मंडळात आहे, केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळातही आहे. लेखी उत्तरपत्रिका तपासणाऱ्या परीक्षकाच्या हाती आदर्श उत्तरे असतात. उदाहरण सोडविताना सूत्रास इतके, किमती भरण्यास इतके, उत्तरास व एककास इतके, अशी अर्ध्या-अर्ध्या गुणापर्यंत पायऱ्यांची फोड केलेली असते. परीक्षकावर नियामक, नियामकावर मुख्य नियामक अशी उतरंड असते, आणि खालच्याने तपासलेल्यांपैकी काही उत्तरपत्रिका वरचा पुन्हा पाहतो. एवढी व्यवस्था असताना शास्त्राच्या विषयात तरी मतभेदास जागा उरू नये, असे आपणांस वाटते. निबंधाच्या गुणांविषयी कोणी खुशाल वाद घालावा. ओहमच्या नियमात परीक्षकाची आवडनिवड कोठून शिरणार?

या समजुतीस धक्का बसून आता शतकाहून अधिक काळ लोटला. फ्रान्सिस इसिड्रो एजवर्थ या अर्थशास्त्रज्ञाने १८८८ मध्ये परीक्षांच्या संख्याशास्त्रावर एक प्रबंध लिहून असे प्रतिपादन केले, की ज्योतिर्विदाच्या वेधांत जशी चूक असते व त्या चुकीचेही काही नियम असतात, तशीच चूक परीक्षकाच्या गुणदानातही असते. पुढे १९१३ मध्ये अमेरिकेत स्टार्च व एलियट या दोघांनी भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शिक्षकांकडे तपासावयास धाडली. मुलगा तोच, अक्षर तेच, प्रमेये तीच. परंतु शेकडा तिसांच्या आत गुण देणारेही त्यांत निघाले, आणि नव्वदांच्या वर देणारेही निघाले! शेवटची ओळ चुकली म्हणून सारे प्रमेय बाद धरावयाचे, की तोवरच्या युक्तिवादाची किंमत करावयाची; ओबडधोबड आकृतीबद्दल काही कापावयाचे की नाही, असल्या गोष्टींत प्रत्येकाचा न्याय निराळा असतो. इंग्लंडात हार्टॉग आणि ऱ्होड्स यांनी १९३५ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग तर याहून विलक्षण आहे. हे हार्टॉग म्हणजे ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. हिंदुस्थानातील शिक्षणावरील १९२९ चा अहवाल ज्यांच्या नावाने ओळखला जातो तेच. इतिहासाच्या १५ उत्तरपत्रिका तपासून झाल्यावर वर्ष-दीड वर्षाने त्याच परीक्षकांपैकी १४ जणांकडे त्या पुन्हा दिल्या गेल्या. नापास, पास व विशेष योग्यता, एवढ्या तीनच निकालांचा हिशेब घेतला, तरी २१० निर्णयांपैकी ९२ निर्णय बदलले. येथे एका परीक्षकाचे दुसऱ्याशी भांडण नव्हते. प्रत्येकाचे स्वतःशीच पटत नव्हते.

असो. परीक्षकापरीक्षकांतील या फरकावर नियामकांची उतरंड हा एक उपाय आहे. तो अपुरा असला तरी प्रामाणिक आहे. एखादा परीक्षक कठोर असल्याचे दिसून आले आणि त्याच्या गठ्ठ्यातील मुलांस चार गुण वाढवून दिले, तर त्यात कोणाचे नुकसान नाही; जे त्यांच्या हक्काचे होते तेच त्यांस परत मिळाले. आमचा प्रश्न याच्या पुढचा आहे. परीक्षक निर्दोष, पण प्रश्नपत्रिकाच कठीण; अशा वेळी गुण वाढवून देणे हा न्याय आहे काय?

या वाढीस मंडळांच्या भाषेत ‘मॉडरेशन’ म्हणतात. तिची जी प्रयोजने केंद्रीय मंडळाने आपल्या धोरणात नमूद केली होती, ती मुळातून पाहण्यासारखी आहेत. प्रश्नातील संदिग्धता, चूक किंवा अर्थाचा घोटाळा यांमुळे झालेली अडचण भरून काढणे, हे एक. परीक्षकांच्या लहरी काढून टाकून तपासणीत एकसूत्रीपणा आणणे, हे दुसरे. एकाच विषयाच्या निरनिराळ्या प्रश्नपत्रिका-संचांत काठिण्याचा फरक पडल्यास सरासरी सारखी करणे, हे तिसरे. आणि चौथे असे, की उत्तीर्णांचे शेकडा प्रमाण मागील वर्षांच्या जवळपास राखणे.

पहिली तीन प्रयोजने एका रांगेत बसतात. चौथे त्यांच्या पंक्तीस येऊन बसले आहे खरे, पण त्याचे कुळ निराळे आहे. पहिल्या तिन्हींत मंडळ असे म्हणते, की मुलांस जे येत होते ते आमच्या चुकीमुळे कागदावर उतरू शकले नाही, सबब आम्ही ते दुरुस्त करतो. चौथ्यात ते असे म्हणते, की मुलांस काय येत होते हे काहीही असो, गतवर्षी जितके उत्तीर्ण झाले तितके यंदाही झाले पाहिजेत. पहिल्यात गुण सत्याच्या जवळ नेले जातात. दुसऱ्यात ते एका सोयीच्या आकड्याजवळ नेले जातात. प्रश्नपत्रिकेचा दोष भरून काढणे हा न्याय होय, आणि शिक्षणाचा दोष झाकणे ही लबाडी होय. एवढे म्हणून हा लेख येथेच संपविता आला असता, जर या दोन गोष्टी एकमेकींपासून ओळखता आल्या असत्या तर!

खरी अडचण हीच आहे. समजा, एका वर्षी भौतिकशास्त्राच्या लेखी परीक्षेची सरासरी सत्तरांपैकी ४२ होती आणि पुढच्या वर्षी ती ३३ वर आली. ही नऊ गुणांची घट प्रश्नपत्रिकेच्या काठिण्यामुळे झाली, की शाळांतून शिक्षकांच्या जागा वर्षभर रिकाम्या राहिल्यामुळे झाली? की मुलांचे सारे लक्ष प्रवेशपरीक्षांच्या खाजगी वर्गांकडे लागल्यामुळे व्युत्पत्ती आणि व्याख्या लिहिण्याची त्यांची सवयच मोडल्यामुळे झाली? नुसत्या आकड्यांकडे पाहून याचा उलगडा कधीही व्हावयाचा नाही. पाण्यात बुडालेली काठी दिसत नसेल तर नदीस पूर आला आहे किंवा काठी तोकडी आहे. काठीवर आणखी एक तुकडा जोडून दिल्याने पुराविषयी काहीच कळत नाही. कठीण प्रश्नपत्रिका आणि कच्ची तयारी या दोहोंचा ठसा गुणांच्या तक्त्यावर हुबेहूब एकसारखा उमटतो. म्हणून, आम्ही केवळ संख्याशास्त्राच्या नियमाने वागलो, असे जेव्हा एखादे मंडळ म्हणते, तेव्हा त्याने नियमाच्या आड एक निर्णय दडविलेला असतो: यंदाची मुले मागील मुलांइतकीच शिकलेली आहेत, हा तो निर्णय. कदाचित् तो बरोबरही असेल. एवढ्या मोठ्या संख्येच्या मुलांची तयारी एका वर्षात फारशी बदलत नाही, या म्हणण्यात तथ्य आहे. पण ते गृहीत आहे, मापन नव्हे. आणि एकदा ते कायमचे स्वीकारले, की देशातील शिक्षण दरवर्षी थोडेथोडे खालावत गेले तरी गुणपत्रिकेस त्याची वार्ताही लागणार नाही.

एप्रिल २०१७ मध्ये देशातील तीसांहून अधिक परीक्षा मंडळांच्या प्रतिनिधींनी एकत्र बसून असे ठरविले, की सरसकट गुण फुगविण्याची ही चाल बंद करावी. अगदी काठावर अडलेल्यांस सवलतीचे गुण देणे तेवढे ठेवावे. निर्णय स्तुत्य, पण वेळ चमत्कारिक! बारावीच्या मुलांनी प्रश्नपत्रिका सोडवून दिल्या होत्या, किंवा सोडवीत होती. प्रकरण दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेले, आणि २३ मे २०१७ रोजी न्यायालयाने केंद्रीय मंडळास, निदान त्या वर्षापुरते तरी जुने धोरण चालू ठेवा, असा आदेश दिला; त्यानुसार २८ मे रोजी निकाल लागला. खेळ सुरू झाल्यावर नियम बदलू नयेत, हा न्यायालयाचा विचार सर्वांस पटण्याजोगा आहे. परंतु त्या वेळी पालकांस वाटणारी खरी भीती दुसरीच होती, आणि नीतिदृष्ट्या तीच अधिक विचारणीय आहे. दिल्ली विद्यापीठाचे प्रवेश त्या काळी बारावीच्या गुणांवर होत. समजा एका मंडळाने प्रामाणिकपणे वाढ थांबविली आणि इतरांनी ती गुपचूप चालू ठेवली, तर त्या प्रामाणिकपणाचा दंड कोणी भरावयाचा? मंडळाच्या अधिकाऱ्यांनी नव्हे. त्या मंडळाच्या मुलांनी. सचोटीने वागावयाचे तर ती दुसऱ्याच्या मुलांच्या खर्चाने, अशी ही कोंडी आहे. बाजारात सर्वच दुकानदार खोटे माप वापरू लागले म्हणजे खरे माप वापरणाराच वेडा ठरतो, तसे येथे झाले. फरक इतकाच, की येथे दुकानदार वेडा ठरत नाही, गिऱ्हाईक उपाशी राहते. २०२१ मध्ये दिल्लीतील काही महाविद्यालयांच्या पहिल्या यादीची सीमारेषा काही अभ्यासक्रमांस १०० टक्क्यांवर जाऊन थांबली, कारण तिच्यापुढे जाण्यास जागाच नव्हती. पुढील वर्षापासून त्या विद्यापीठाने बारावीच्या गुणांवरचा हा भरवसा सोडून स्वतंत्र प्रवेशपरीक्षेची वाट धरली.

गुण वाढविण्याने कोणाचेच नुकसान होत नाही, सर्वांस सारखेच मिळतात, असे जे म्हटले जाते ते तपासून पाहण्याजोगे आहे. सर्वांस सारखे मिळत नाहीत. मिळू शकतच नाहीत. गुणांस शंभराचे छत आहे. समजा, कठीण प्रश्नपत्रिकेत एका मुलीस ९५ मिळाले आणि दुसऱ्या मुलास ८४, आणि मंडळाने अकरा गुणांची वाढ दिली, पण पंचाण्णवांपुढे कोणास नेले नाही. दोघेही आता ९५ वर एका पाटावर बसले. ज्या कठीण प्रश्नांमुळे एवढा गवगवा झाला, तेच प्रश्न त्या मुलीने सोडविले होते. ग्रंथालयातून जुनी पुस्तके आणून, क्रमिक पुस्तकाच्या बाहेरची उदाहरणे करून तिने ते अकरा गुणांचे अंतर कमावले होते. तिच्याकडून कोणी काही काढून घेतले नाही, हे खरे. तिचे सारे ९५ गुण जागच्या जागी आहेत. पण रांगेत तिच्या पुढे मोकळी असलेली जागा भरून गेली. २०१७ च्या आसपास केंद्रीय मंडळाच्या निकालांत काही विषयांत एकट्या ९५ या आकड्यावर विद्यार्थ्यांची विलक्षण दाटी झाल्याचे वृत्तपत्रांनी दाखविले होते, त्या दाटीत अशा किती मुली होत्या हे कोण सांगणार?

छताशी दाटी होते, तशी मधल्या मजल्यांवर ओस पडलेली दालनेही दिसतात. २०१३ मध्ये अमेरिकेत शिकणाऱ्या एका भारतीय विद्यार्थ्याने आयसीएसई व आयएससी या परीक्षांचे निकाल संगणकाने गोळा करून त्यांचा आलेख काढला. त्यात असे दिसून आले, की ८१, ८२, ८४, ८५, ८७, ८९, ९१, ९३ असे कित्येक गुण देशभरात कोणाही मुलास, कोणत्याही विषयात पडलेच नव्हते! त्याचप्रमाणे उत्तीर्णतेच्या उंबरठ्याच्या अगदी अलीकडे, दोन-तीन गुणांनी अडलेला असा कोणी नव्हताच. मोजपट्टी ताणली म्हणजे तिच्यावरील रेघांमध्ये फटी पडतात, इतकाच याचा अर्थ असू शकेल. गुणांचे प्रमाणीकरण केले जाते, असे मंडळाचेही म्हणणे होते. यात लबाडी असेलच असे आम्ही म्हणत नाही. पण ८३ आणि ८६ यांच्यामध्ये एकही पायरी नसलेल्या जिन्यावर मुले चढत होती, आणि ही गोष्ट त्यांस किंवा त्यांच्या शिक्षकांस कोणी सांगितलेली नव्हती, हे तर खरेच ना?

उलट पक्षाचे म्हणणे असे असते, की गुणांस हात लावूच नये. प्रश्नपत्रिका कठीण तर ती सर्वांनाच कठीण. हे म्हणणे करारी वाटते, म्हणून ते पुष्कळांस आवडते. पण ते खोटे आहे. कठीण प्रश्नपत्रिका सर्वांस सारखी कठीण नसते. ज्या मुलाच्या पालकांनी प्रवेशपरीक्षेच्या वर्गासाठी लाख-दोन लाख रुपये मोजलेले असतात, त्याने आडवळणाचे प्रश्न शंभरदा पाहिलेले असतात. तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात क्रमिक पुस्तकावर भिस्त ठेवून अभ्यास केलेल्या मुलास ते प्रथमच भेटतात. शिवाय पहिल्याच पानावरील अनपेक्षित प्रश्न केवळ आपलेच गुण खातो असे नाही; तो वेळ खातो, धीर खातो, आणि पुढच्या पानावरील जे येत होते तेही बिघडवून जातो. छापण्यात चुकलेल्या प्रश्नाचे पूर्ण गुण सर्वांस देऊन टाकले, तरी त्या प्रश्नाशी वीस मिनिटे झटापट केलेल्या प्रामाणिक मुलाची ती वीस मिनिटे कोण परत देणार? त्यास आणि प्रश्न नुसता ओलांडून पुढे गेलेल्यास सारखीच भरपाई मिळते. म्हणजे न वाढविणे हाही अन्याय, आणि सरसकट वाढविणे हाही अन्याय. प्रश्न एवढाच उरतो, की कोणता अन्याय कोणाच्या वाट्यास जातो, आणि तो कोणी जाणूनबुजून पत्करला आहे काय.

आमच्या मते या गोंधळाचे मूळ, एकाच आकड्याकडून दोन कामे करून घेण्यात आहे. या मुलास भौतिकशास्त्र किती येते, याची साक्ष देणे हे एक काम. आणि प्रवेशाच्या रांगेत याने कोणाच्या पुढे उभे राहावयाचे, हे ठरविणे दुसरे. साक्षीस इतर मुलांशी कर्तव्य नाही. रांगेस इतर मुलांवाचून अर्थच नाही. ऑस्ट्रेलियातील न्यू साऊथ वेल्स या राज्यात ही दोन कामे निरनिराळी ठेवण्याचा प्रयत्न आहे, तो पाहण्याजोगा आहे. तेथे शालान्त परीक्षेच्या प्रमाणपत्रावर जो गुण येतो, तो ठरविताना अनुभवी शिक्षक प्रत्यक्ष उत्तरपत्रिका वाचतात, आणि प्रत्येक पातळीवरील विद्यार्थ्यास काय आले पाहिजे याचे जे शब्दांतले वर्णन आधीच केलेले असते, त्याच्याशी ताडून पाहतात. यंदाची प्रश्नपत्रिका अवघड असेल तर कमी मूळ गुणांसही वरची पातळी लाभते. पण ती गतवर्षीच्या उत्तीर्णांच्या प्रमाणाकडे पाहून नव्हे, तर उत्तराकडे पाहून. विद्यापीठ-प्रवेशाचा अनुक्रम ही सर्वस्वी वेगळी बाब आहे. तो दुसरीच संस्था लावते, आणि त्यासाठी प्रत्येक विषयाचे गुण, तो विषय घेणारी मुले एकंदरीत किती तयारीची आहेत हे पाहून मापात बसविते. भौतिकशास्त्र घेणारी मुले इतर विषयांतही बहुधा हुशार असतात, म्हणून त्या विषयाचे मध्यम गुण रांगेत जास्त मोलाचे ठरतात. यावर तेथेही दरवर्षी तक्रारी होतात, आणि कोणता विषय ‘वर चढतो’ याचे आडाखे बांधून मुले विषय निवडतात, हा त्यातील विषाचा थेंब आहेच. तथापि साक्ष व रांग यांची तेथे गल्लत केलेली नाही.

आपल्याकडे असा प्रयत्न झालाच नाही असे नाही. २०१३ ते २०१६ या चार वर्षांत अभियांत्रिकीच्या जेईई मेन या परीक्षेच्या गुणानुक्रमात बारावीच्या गुणांस ४० टक्के वजन होते. आणि निरनिराळ्या मंडळांचे गुण सारखे नसल्यामुळे ते थेट न घेता, आपल्या मंडळात मुलाचा क्रम किती जणांच्या वर लागतो, म्हणजे त्याचे पर्सेंटाइल काय, यावरून त्यांचे रूपांतर केले जाई. युक्ती चतुर होती. मंडळाने कितीही गुण वाढविले तरी क्रम बदलत नसल्याने फुगवट्यातील वारा निघून जाई. पण प्रत्येक मंडळातील मुले सारख्याच ताकदीची नाहीत हा प्रश्न उरतच होता, आणि पालकांस तर हे रूपांतर म्हणजे मंत्रतंत्रच वाटे. २०१७ पासून ते वजनच काढून टाकण्यात आले. पुढे २०१९ पासून ती परीक्षा अनेक सत्रांत होऊ लागली, तेव्हा सत्रासत्रांतील काठिण्याचा फरक मिटविण्यासाठी पर्सेंटाइल पुन्हा आले, आणि ते दशांशचिन्हापुढे सात स्थळांपर्यंत! सूत्रास अर्धा गुण द्यावा की एक यावर जेथे दोन सज्जन शिक्षकांचे एकमत होत नाही, त्या देशात हा सातवा दशांश वाचताना हसू आवरत नाही.

आणखी एक गोष्ट जाता जाता सांगावयाची म्हणजे, बेरजेत कोणत्या विषयाचे वजन किती पडते, हे त्याच्या कमाल गुणांवरून ठरत नाही. मुलांचे गुण किती पसरले आहेत यावरून ठरते. प्रात्यक्षिकाच्या ३० गुणांपैकी बहुतेक सर्वांस जवळजवळ सारखेच मिळत असतील, तर त्या तीस गुणांनी कोणाचाही क्रम हलत नाही. ज्या वर्षी भौतिकशास्त्राची प्रश्नपत्रिका कठीण असते व गुण दूरवर पसरतात, त्या वर्षी शंभर-शंभर गुणांच्या इतर विषयांना मागे सारून तो एकटा विषय मुलांचे भवितव्य ठरवितो. कागदावर सारे विषय समान असतात.

मागील वर्षाशी जमवून घेण्याचे तत्त्व शेवटपर्यंत ताणले तर ते कोठे नेऊन सोडते, हे इंग्लंडने २०२० च्या ऑगस्टात पाहिले. साथीमुळे परीक्षा झाल्या नव्हत्या. शिक्षकांनी अंदाजाने दिलेल्या श्रेणी फार उदार आहेत असे समजून, प्रत्येक शाळेचे मागील निकाल पाहून त्या गणिताने बदलण्यात आल्या. ए-लेव्हल या शालान्त परीक्षेतील सुमारे ३९ टक्के श्रेणी खाली आल्या. १३ ऑगस्टला निकाल लागला, आणि चारच दिवसांत तो मागे घ्यावा लागला. ज्या शाळेतून पूर्वी कोणी पहिल्या श्रेणीत आले नव्हते, तेथल्या हुशार मुलीनेही यंदा येऊ नये, असा त्या गणिताचा रोख होता. एकूण आकडेवारी मात्र मागील वर्षांशी सुरेख जुळत होती! आपल्याकडे त्याच संकटात उलटा प्रकार झाला. महाराष्ट्रात २०२० मध्ये बारावीचा निकाल ९०.६६ टक्के होता. २०२१ मध्ये परीक्षा न होता दहावी, अकरावी व बारावीच्या कामगिरीवरून गुण दिले गेले, तेव्हा तो ९९.६३ टक्के झाला. परीक्षा पुन्हा सुरू होताच २०२२ मध्ये ९४.२२ आणि २०२३ मध्ये ९१.२५ वर आला. मुलांच्या ज्ञानास अशी भरती-ओहोटी आली, असे कोणीही म्हणणार नाही. पण म्हणून २०२१ च्या मुलांची गुणपत्रिका खोटी आणि २०२३ च्या मुलांची खरी, असे तरी कोणत्या तोंडाने म्हणावयाचे?

मग कठीण प्रश्नपत्रिकेच्या वर्षी करावे काय? प्रश्नपत्रिका कठीण होती की नव्हती, याचा निर्णय गुणांचा तक्ता हाती येण्यापूर्वी, ती प्रश्नपत्रिका आणि काही उत्तरपत्रिका वाचून, शिकविणाऱ्या माणसांनी द्यावा. त्यांचाही निर्णय चुकेल. हार्टॉगचे परीक्षक चुकलेच होते. पण वाचून चुकणाऱ्या माणसास कारण विचारता येते. मागील वर्षाच्या टक्केवारीस कारण विचारता येत नाही. कोणत्या प्रश्नाबद्दल वाढ, किती, आणि ती छताशी कोणाच्या वाट्यास आली नाही, हे त्यांनी सही करून लिहून ठेवावे. उत्तर प्रदेशातील न्यायाधीशांच्या भरतीपरीक्षेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये असे स्पष्ट केले होते, की परीक्षकांतील फरक मिटविणे व निरनिराळ्या विषयांचे माप एक करणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, आणि एकीच्या जागी दुसरी वापरता येत नाही. न्यायासनावर बसलेल्यांस जो भेद करावासा वाटला, तो गुणपत्रिका छापणाऱ्यांस अवघड वाटू नये.

तो निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती आर. व्ही. रवीन्द्रन यांनीच २०११ मध्ये, केंद्रीय मंडळाविरुद्धच्या दुसऱ्या एका खटल्यात, परीक्षार्थीस माहितीच्या अधिकाराने आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येईल, असा निर्णय दिला. तेव्हापासून मुलास निदान आपल्या उत्तरांशेजारचे परीक्षकाचे आकडे दिसू शकतात. समजा त्यांची बेरीज ५१ भरली, आणि गुणपत्रिकेवर ६२ छापलेले आहेत. या दोन आकड्यांमधल्या अकरा गुणांविषयी त्या कागदांवर कोठेही एक शब्द नसेल, तर त्या मुलाने स्वतःविषयी काय समजावे? त्यास ५१ गुणांचे येते, की ६२ गुणांचे? गुणपत्रिकेवर मूळ गुण, वाढ आणि वाढीचे कारण असे तीन रकाने घालण्यास चार बोटे जागाही लागणार नाही. या रकान्यांस मंडळे विरोध करतील हे उघड आहे. पण सर्वांत मोठा विरोध बहुधा पालकांकडूनच होईल, कारण शेजाऱ्यास पेढा देताना मधला रकाना झाकून धरणे फार अवघड जाईल.